टिटवीची सुटका-पत्रं

मुलांच्या फुटबॉलमध्ये मुलं कमी पळतात, आईबाप जास्त पळतात. मुलं निदान चेंडूच्या मागं पळतात. आईबाप कशाच्या मागं पळतात, हे चार वर्षं मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून मी पाहिलं, आणि काही कळलं असेल तर शपथ.

टिटवी माझी भाची. हे तिचं कागदावरचं नाव नव्हे. पाय काड्यांसारखे, पळणं जमिनीला चिकटून आणि ओरडणं असं की तीन गल्ल्यांतली झोपलेली माणसं उठून बसावीत, म्हणून मीच ते ठेवलं. तिची आई माझी धाकटी बहीण, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. शहराची बस चालवते. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, यांचं चष्म्याचं दुकान. मी लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म घालवला आणि आता त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. गाडी माझ्याकडं, वेळही माझ्याकडं. त्यामुळं टिटवीला सरावाला न्यायचं-आणायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

टिटवी सात वर्षांची होती तेव्हा शहरात एकच लीग होती. शनिवारी सकाळी खेळायचं, हरलं की रडायचं, जिंकलं की त्याहून मोठ्यानं ओरडायचं. मग त्या लीगची दोन शकलं झाली. एक वरची लीग आणि एक विकास लीग. विकास म्हणजे खालची, हे कुणाला सांगावं लागत नाही. पुढच्या वर्षी वरचीच्या डोक्यावर निवड लीग आली. निवड लीगमधले चार क्लब रुसून बाहेर पडले आणि त्यांनी अव्वल लीग काढली. तेव्हा वरची लीग रातोरात मधली झाली; कुणी जागचं हललं नव्हतं तरी. दाजींनी फ्रीजच्या दारावर एक तक्ता चिकटवला होता. त्यावर क्लबांची नावं, लाल बाण, हिरवे बाण, कोणता कोच कुठं गेला त्याच्या तुटक रेघा. दूध काढायला गेलेला माणूस तो तक्ता वाचत उभा राही आणि दूध विसरून परत येई.

"दादा, हे बघा," दाजी मला समजावत. "आपण इथं आहोत. हे तिघं वर गेले. आपण नाही गेलो तर आपण खाली गेलो."

"अहो, आपण तर इथंच आहोत."

"तेच तर!"

"दाजी, मी लिफ्टवाला माणूस. वर जाणाऱ्याला मी एवढंच विचारतो, कितव्या मजल्यावर काम आहे तुमचं?"

"तुम्हाला नाही कळायचं."

माणूस वाईट नाही हो. पोरीसाठी जीव टाकणारा. पाऊस असो, ऊन असो, दुकान कामाच्या पोराच्या भरवशावर सोडून एकही सामना चुकवला नाही त्यानं. फक्त सामना चालू असताना त्याची नजर शेजारच्या मैदानावर असायची. तिथं कोण खेळतंय, आणि ते कोणत्या लीगचे आहेत.

आता त्या कागदाविषयी सांगतो. क्लबात नाव घातलं की पोराचं फोटोसकट एक कार्ड क्लबाच्या फायलीत जातं. क्लब सोडायचा तर सचिवाची सही आणि शिक्का असलेलं सुटका-पत्र घ्यायचं: 'ही खेळाडू आमच्याकडून मोकळी आहे.' मग कार्ड फायलीतून निघतं. याला लागतात पंधरा दिवस. आणि नव्या लीगची मुदत असते नेहमी परवाची. पहिल्यांदा हा पेच पडला तेव्हा दाजी घामाघूम होऊन माझ्याकडं आले. मी म्हणालो, "कागदाला कोण विचारतं? पोरगी घेऊन जा. कागद मागनं येईल."

हे वाक्य माझं. आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तोंड लपवायला नको.

कागद मागनं काही आला नाही. नव्या क्लबानंही मागितला नाही, त्यांना पोरगी हवी होती. त्यानंतर दोनदा तसंच झालं. टायरवाल्यांच्या क्लबातून पाण्याच्या टाकीच्या क्लबात, टाकीच्या क्लबातून बाजारामागच्या क्लबात, आणि तिथून काचेच्या इमारतीवाल्यांकडं. चार वर्षं, चार क्लब, तीन सुटका-पत्रं थकलेली. पोरगी अकरा वर्षांची झाली.

आणि पोरगी हलकी होत चालली.

वजन घटलं असं नाही. डॉक्टरनं तोललं, काटा बरोबर होता. पण बघा, दाजींच्या दुकानाच्या दारावर एक डोळा बसवलाय. माणूस उंबऱ्यावर आला की आत टिंग वाजतं. टिटवी आली की ते वाजेना. दाजींनी दोनदा माणूस बोलावून दुरुस्त करून घेतलं. शेवटी मी शिडी लावून स्वतः उघडलं. डोळा ठणठणीत होता. मी गेलो, वाजलं. शेजारचं मांजर गेलं, वाजलं. टिटवी गेली, नाही वाजलं.

"बिघडलंय," दाजी म्हणाले.

"हो," मी म्हणालो. मांजराबद्दल मी काही बोललो नाही.

घरातही तसंच. हसायची बंद झाली. भांडायची बंद झाली. काय खाणार? काहीही. कुठं जाऊया? कुठंही. नव्या कोचला फार आवडायची. "शिस्त बघा," तो इतर आईबापांना सांगायचा, "सांगितलं तिथं उभी राहते, सांगितलं तेवढंच पळते." आणि अव्वल लीगवाल्यांच्या नजरेत भरली. त्यांचं बोलावणं आलं: पुढच्या महिन्याच्या अखेरच्या रविवारी चाचणी, त्याच दिवशी नाव नोंदवायचं. दाजींनी तक्त्यावर सगळ्यात वर एक सोनेरी तारा चिकटवला.

त्याच आठवड्यात दाजींच्या फोनवर टायरवाल्यांच्या क्लबाचा निरोप आला. 'आज छान खेळली. बाटली विसरलीय.'

"जुनी यादी असेल," दाजी म्हणाले. "काढायची राहिली असतील नावं."

"पण छान खेळली म्हणतायत."

"सगळ्यांनाच म्हणतात हो ते. दर तिसरं पोर आपल्याच गोलात मारतं, त्यालाही छान म्हणतात."

आम्ही हसलो. त्यानंतरच्या शनिवारी टिटवीचा घोटा मुरगळला होता म्हणून ती घरीच होती. मी तिच्यासमोर बसून बादलीतल्या गार पाण्यात तिचा पाय धरला होता. सकाळचे नऊ वाजले असतील. बहिणीचा फोन आला. बस शेवटच्या थांब्याला लावल्याशिवाय ती फोनला हात लावत नाही.

"दादा, टिटवी कुठंय?"

"ही काय समोर. पाय बादलीत, तोंड आंब्याच्या कोयीसारखं."

पलीकडं तिनं इंजिन बंद केलं.

"मघाशी टायरवाल्यांच्या मैदानावरनं बस काढली," ती म्हणाली. "सिग्नलला थांबले होते. कुंपणाच्या आत टिटवी खेळत होती. डावा मोजा खाली आलेला. मी काच ठोकली. तिनं बघितलं आणि हात केला."

"अगं, लांबून सगळी पोरं सारखीच..."

"दादा, नऊ महिने पोटात वागवलीय. मला सांगू नको लांबून काय दिसतं." आणि मग हळूच, "लहान होती रे. आठ वर्षांची असताना होती तेवढीच."

पुढच्या शनिवारी बहिणीनं रजा टाकली आणि टिटवीला काचवाल्यांच्या सामन्याला नेलं. मी आणि दाजी टायरवाल्यांच्या मैदानावर गेलो. दाजी वाटेत तीनदा म्हणाले की हा वेळेचा अपव्यय आहे. चौथ्यांदा म्हणता म्हणता ते गप्प झाले, कारण तोवर आम्ही कुंपणाशी पोचलो होतो.

ती होती. चौदा नंबर. डावा मोजा खाली. चेंडू गोलाबाहेर गेला तरी हसत होती, पडली तरी हसत होती, आणि ते हसणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ते आमच्या घरातून दोन-तीन वर्षांपूर्वीच गेलेलं होतं, आणि गेलंय हे त्या क्षणापर्यंत मला कळलंही नव्हतं.

कोच आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आलात एकदाचे! सगळ्यांच्या आधी येते तुमची पोरगी. घ्यायला मात्र कुणी येत नाही."

"मग जाते कशी?" मी विचारलं.

"ती त्या कट्ट्यावर बसून राहते पिशवी मांडीवर घेऊन. येणारी प्रत्येक गाडी बघते. मी फाटक लावायला वळतो, तेवढ्यात कुणीतरी नेत असेल. मी नाही बघितलं कधी." तो डोकं खाजवत म्हणाला, "वाढत नाही पण फार. तिच्या बरोबरची माझ्या खांद्याला आली, वरच्या गटात गेली. ही याच गटात. कागदावर तसंच आहे म्हटल्यावर मी काय करणार?"

सामना संपला. एकेक गाडी आली, एकेक पोर गेलं. ती कट्ट्यावर बसली. दाजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिनं वर बघितलं.

"बाबा, आज उशीर झाला?"

दाजींनी तिचा हात धरला आणि फाटकाकडं चालायला लागले. मी मागं. फाटकाच्या बाहेर पाऊल पडलं आणि दाजींची मूठ मिटली, नुसतीच. मागं बघितलं तर ती पुन्हा कट्ट्यावर, पिशवी मांडीवर, रस्त्याकडं डोळे.

"अहो, असं कसं नेता?" कोच शिट्टी पुसत थट्टेनं म्हणाला. "सुटका-पत्र आणलंय का?"

तो थट्टा करत होता. आम्ही दोघं मात्र एकमेकांकडं बघत राहिलो.

क्लबाचा सचिव म्हणजे टायरवाला, तिथून चार दुकानं पुढं. एका ट्रकच्या चाकाखालून बाहेर आला. मी हात जोडून सांगितलं, तीन वर्षांमागचं पत्र हवंय. त्यानं मांडीवर कागद ठेवून सही केली, काळ्या अंगठ्याचा ठसा शिक्क्याच्या शेजारी उमटला. "माफ करा, हात घाण आहेत," म्हणाला. त्याला काय सांगणार, कुणाची माफी कुणी मागायची ते.

परत आलो तेव्हा ती फाटकाच्या बाहेर उभी होती. मागचं दार स्वतः उघडून बसली. पट्टा लावल्याचा खट्ट आवाज मी ऐकला. दाजी पूर्ण वाटभर समोर बघत बसले. मान वळवायची त्यांची छाती नव्हती आणि माझी तर नव्हतीच. घरापाशी गाडी थांबवून वळलो. मागं कुणी नव्हतं. पट्टा लावलेलाच होता.

वर स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. टिटवी हातातली बशी टेबलावर ठेवून, पोट धरून हसत होती. बहीण ओट्याशी पाठ लावून उभी, डोळे भरलेले. "मला म्हणाली पाय दुखतोय, आणि मग अशीच हसायला लागली. काहीही कारण नाही रे."

त्या संध्याकाळी दुकानाच्या दारावर टिंग वाजलं. बारीक वाजलं, पण वाजलं.

टाकीच्या क्लबाची सचिव दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत एक गृहस्थ तोंड वासून पडले होते आणि ती त्यांच्या दाढेत वाकलेली.

"नियम पंधरा दिवसांचा आहे," ती मान न वळवता म्हणाली.

"बाई, दोन वर्षं झाली त्याला," दाजी म्हणाले.

"मग आणखी पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?"

"आऽ," खुर्चीतले गृहस्थ म्हणाले.

"बघा, यांनाही पटलं," ती म्हणाली.

पंधरा दिवस आम्ही रोज संध्याकाळी टाकीच्या मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहायचो. तिथली टिटवी नऊ वर्षांची होती आणि पंचाशी भांडत असायची. "बाहेर नव्हता! मी बघितलं! माझा आहे!" असं ती ओरडली की टाकीवरची कबुतरं उडायची. दाजी कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून बघत राहायचे. एकदा म्हणाले, "दादा, हिचं हे ओरडणं मीच बंद करायला लावलं असणार. निवडणाऱ्यांना आवडत नाही म्हणून."  सोळाव्या दिवशी पत्र मिळालं आणि त्याच संध्याकाळी न्हाणीघराचं दार वाजायला लागलं: "माझा टॉवेल कुणी घेतला? माझा आहे! माझा!" बहिणीनं आयुष्यात एवढ्या आनंदानं टॉवेल दिला नसेल.

आता राहिला बाजारामागचा क्लब, आणि चाचणीचा रविवार चार दिवसांवर.

तो क्लबच नव्हता. लीगच्या कचेरीतली बाई पडद्यावर बोट फिरवत म्हणाली, "तो निवड लीगच्या दुसऱ्या गटात होता. दुसरा गट बरखास्त झाला. क्लब बुडाला."

"मग सुटका-पत्र कोण देणार?"

"नसलेल्या क्लबाचं पत्र नसतं."

"पण आमची मुलगी आहे तिथं!"

बाईनं दाजींकडं चष्म्यावरून बघितलं. "नसलेल्या क्लबात मुलगी कशी असेल?" म्हणाली, आणि खिडकीची काच सरकवली.

घरी आल्यावर दाजी तक्त्यासमोर उभे राहिले. सोनेरी ताऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "दोन आल्या ना परत. हसते, बोलते. एक नाही आली तर... अव्वलवाले काही विचारत नाहीत पत्राचं."

बहिणीनं हातातली बसची टोपी टेबलावर आपटली. "तुम्ही माणूस आहात का कोण? या रविवारी ही पाचव्या क्लबात गेली की काचवाल्यांकडं एक बसेल कट्ट्यावर. मग घरी कोण येणार माझ्या? आत्ता हिला विचारा, चाचणीला जायचंय का. विचारा!"

"टिटवे," दाजींनी विचारलं, "जायचंय का ग?"

"तुम्ही म्हणाल तसं," टिटवी म्हणाली. हसून म्हणाली, मोठ्यानं म्हणाली, पण तेच म्हणाली. तिच्यात सगळं होतं आणि एक गोष्ट नव्हती. कुठली ते आम्हाला शनिवारी कळलं.

बाजारामागच्या मैदानावर आता गाड्या लावतात. डांबर टाकून पिवळ्या रेघा ओढल्यात, पण उन्हात बघितलं तर त्याखालून जुन्या पांढऱ्या रेघा दिसतात, मधलं वर्तुळसुद्धा. सकाळी दहाचा सुमार. दोन लाल गाड्यांच्या मधून चेंडू घरंगळत आला. त्याच्यामागून दहा वर्षांची टिटवी. दंडावर कर्णधाराची निळी पट्टी. खरेदीच्या पिशव्या घेऊन जाणारी एक बाई तिच्या अंगावरून, नव्हे, तिच्यातूनच, सरळ निघून गेली आणि नुसता पदर सावरला, वारा आल्यासारखा.

दाजी पुढं झाले. "चल, बाळ. घरी जाऊ."

"नाही," ती म्हणाली.

मी आणि दाजी दोघंही दचकलो. किती दिवसांनी ऐकत होतो आम्ही तो शब्द त्या आवाजात!

"बाकीचे कुठं गेले?" मी विचारलं.

"सगळे गेले, मामा. क्लब बंद होताना त्यांचे बाबा पत्र घ्यायला आले होते. मीच राहिले."

"मग आता तूही चल. क्लब संपला," दाजी म्हणाले.

"मी आहे ना अजून. मी कॅप्टन आहे. एक जण असला तरी क्लब असतो." तिनं पायाखाली चेंडू थांबवला. "संपला असेल तर मी कुठंय, बाबा?"

 दाजी गाड्यांच्या चाकांसाठी घातलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यावर बसले. दुकानातून थेट आले होते. गळ्यात टाय, खिशात काच पुसायचं फडकं. बरंच काही मनातल्या मनात मोजत असावेत. तक्ते, मुदती, बाण. मग वर बघून म्हणाले:

"एक जण असला की झालं ना? मग मी राहतो."

"तुम्हाला खेळता येतं?"

"नाही."

"मग कसं?"

"तू दाखव."

तिनं दाखवलं. चेंडू तळव्याखाली कसा घ्यायचा, अंगठ्यानं मारायचा नाही, मागून कुणी येतंय का ते आधी बघायचं. "आणि बाबा, शेजारच्या मैदानाकडं बघायचं नाही. इथंच बघायचं." दाजी दोनदा पडले. बाजारातला एक हमाल थांबून बघत होता. त्याला एक टायवाला माणूस एकटाच डांबरावर लोळताना दिसत असणार. तो मला म्हणाला, "घरचे कुणी आहेत का यांच्यासोबत?" मी म्हणालो, "मीच आहे." तो माझ्याकडंही त्याच नजरेनं बघत निघून गेला.

शेवटी तिनं पट्टी सोडून दाजींच्या दंडावर बांधली. दंड जाड, गाठ बसेना; दातांत धरून ओढली. "सोडून जायचं नाही हं," म्हणाली.

"नाही जाणार," दाजी म्हणाले.

ती माझ्याबरोबर गाडीकडं आली. मागं बसली, पट्टा लावला. मी स्टिअरिंगमागं बसलो आणि दाजींना हाक मारावी म्हणून काच खाली केली. एवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि दाजी आत येऊन बसले. शर्ट धुळीनं माखलेला, दंडावर पट्टी नाही. "चला दादा," म्हणाले.

मी समोरच्या काचेतून बघितलं. पिवळ्या रेघांच्या मधोमध, टाय खांद्यावर टाकून, निळी पट्टी बांधलेले दाजी चेंडूमागं पळत होते. हात वर करून कुणाला तरी बोलावत होते.

मी आयुष्यात शेकडो लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलोय. अंधारात दोर धरून लटकलोय.  पण त्या दिवशी शेजारी बसलेल्या माणसाला, तुम्ही नक्की कुठले, असं विचारायची हिंमत झाली नाही. त्यानं रेडिओ लावला आणि गुणगुणायला लागला.

घरी टिटवी जिन्यातच भेटली. तिच्या आईनं घाईनं विचारलं, "उद्या चाचणीला जायचंय का?"

"नाही," टिटवी म्हणाली. "मला माझ्या मैत्रिणींबरोबरच खेळायचंय. अजिबात नाही म्हणजे नाही."

बहीण पायरीवर बसली आणि तिला पोटाशी धरलं. दाजी त्यांच्या बाजूनं वाट काढत आत गेले. फ्रीज उघडताना तक्त्याकडं बघून म्हणाले, "हे काय लावलंय इथं?" आणि सोनेरी ताऱ्यासकट काढून घडी घालून ठेवून दिला.

आठवडा फार सुखात गेला. दाजी दुकानात वेळेवर, घरात हसतमुख. टिटवीच्या गृहपाठात लक्ष घालायचे, तिच्याशी थट्टा करायचे, तिला टिटवे म्हणून हाक मारायचे. कोणत्या क्लबाचं काय झालं, एक शब्द नाही. टिटवीच्या खेळाचा विषय निघाला की मात्र परक्याच्या पोरीचं ऐकावं तसं ऐकायचे. बहीण म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला." मी हो म्हणालो.

शनिवारी काचवाल्यांच्या मैदानावर आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. टिटवी अशी खेळली म्हणून सांगू! पंचाशी भांडली, पडून हसली, कोचनं मागं ये म्हटलं तेव्हा नाही म्हणून पुढं गेली आणि गोल मारला. दाजी उठून उभे राहिले. शेजारच्या मैदानाकडं त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, खिशातलं फडकं काढून चष्मा पुसला, पुन्हा लावून नीट बघितलं आणि माझ्याकडं वाकले.

"दादा, ती चौदा नंबरची पोरगी काय सुरेख खेळते हो! कुणाची आहे?"

"आपलीच," मी म्हणालो.

त्यांना ती माझी नेहमीची थट्टा वाटली. माझ्या पाठीवर थाप मारून हसले, आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.